मधुमेही मुलांची झोप आणि अस्वस्थ पाय

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या घरी रात्र ही निश्चिंत विश्रांतीची वेळ क्वचितच असते. मध्यरात्री उठून साखर तपासणे, मुलाचे कपाळ घामेजले नाही ना हे हात लावून पाहणे, हे सारे आईवडिलांच्या अंगवळणी पडलेले असते. त्यामुळे मूल अंथरुणात तळमळू लागले की दोष साखरेला दिला जातो. तो पुष्कळदा योग्य असतो, पण नेहमीच नव्हे.

आधी साखर तपासावी, हे निर्विवाद. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीवाटे बाहेर पडू लागते आणि मूल लघवीसाठी, पाण्यासाठी वारंवार उठते. ती ७०च्या खाली उतरली तर घाम येतो, भयानक स्वप्ने पडतात, सकाळी डोके दुखते. अशा वेळी डॉक्टरांनी नेमून दिलेल्या प्रमाणात ग्लुकोज लगेच द्यावे.

साखर ठीक, तरी पाय अस्वस्थ

साखर योग्य असूनही मूल पाय झाडत राहिले, तर 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' या विकाराचा विचार करावा. स्वीडनचे डॉक्टर कार्ल-अॅक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. पाय हलवण्याची अनावर ओढ लागते, ती स्वस्थ पडल्यावर व रात्री वाढते आणि चालले की शमते, ही त्याची लक्षणे. 'पायात मुंग्या पळतात', 'आत काहीतरी वळवळते' असे मूल सांगते. हा विकार अनेकदा आनुवंशिक असतो. म्हणून घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का, हेही आठवून पाहावे.

'हाडे वाढत आहेत' किंवा 'खोडकरपणा आहे' असे म्हणून ही तक्रार बाजूला सारली जाते. मात्र झोप अपुरी पडली की मुलाचे वर्गात लक्ष लागत नाही, शिवाय इन्सुलिनचा परिणामही मंदावतो. साखर आवरेनाशी होते, त्यामुळे पुन्हा झोप मोडते, आणि हे चक्र सुरूच राहते.

लोहाचा साठा तपासा

या विकारामागे शरीरातील लोहाची कमतरता हे एक महत्त्वाचे कारण असते. हिमोग्लोबिन उत्तम असतानाही लोहाचा साठा रिता असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. हे प्रमाण ५०पेक्षा कमी असल्यास डॉक्टर लोहाच्या औषधाचा विचार करतात. टाइप १ मधुमेहाबरोबर सिलिअॅक हा गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा विकारही अधिक आढळतो, आणि त्यात अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. तपासणीपूर्वीच गहू बंद करू नये, कारण त्यामुळे निदान चुकू शकते. लोहाच्या गोळ्याही आपल्या मनाने देऊ नयेत. अतिरिक्त लोह अपायकारक असते.

घरी काय करावे?

सायंकाळनंतर चहा, कॉफी, कोला टाळावे. सर्दीच्या काही गुंगी आणणाऱ्या औषधांनी पायांची अस्वस्थता वाढते, म्हणून ती विचारूनच द्यावीत. निजण्याची वेळ ठरलेली असावी. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तर किशोरांना ८ ते १० तास झोप आवश्यक असते. निजताना पोटऱ्या हलक्या हाताने चोळल्यास आराम पडतो. सतत बधिरपणा किंवा जळजळ असेल, तर मात्र डॉक्टरांना लवकर दाखवावे.

दोन आठवडे एका वहीत निजतानाची साखर, पायांची तक्रार आणि जाग येण्याच्या वेळा टिपाव्यात व ती वही पुढील भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावी. मुलाला 'नीट झोप' म्हणून दटावण्यापूर्वी 'पायांना काय होते?' एवढे विचारावे. निदानाची सुरुवात तिथूनच होते.