मांडवीच्या पात्रातील द्यूत आणि आपला रुग्ण

गेल्या हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील आम्ही चार वैद्य व दोन औषधविक्रेते मित्र मिळून चार दिवसांकरिता पणजीस जाऊन आलो. सहल स्वखर्चाची होती, कोणत्याही कंपनीच्या ‘स्कीम’मधील नव्हती, हे प्रारंभीच नमूद केलेले बरे. कापसाच्या हंगामातील धावपळीनंतर थोडी विश्रांती मिळावी, एवढाच हेतू होता. ती मात्र मिळाली नाही. ज्या नदीकाठी शांतता मिळेल असे वाटले होते, त्या मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे नांगरून उभी आहेत. सूर्यास्तानंतर त्यांच्या रंगीत दिव्यांचा झगमगाट नदीभर पसरतो, ध्वनिवर्धक सुरू होतात आणि काठावरील निवासांत झोप लागणे दुरापास्त होते. रात्रीचे जागरण रूक्ष गुणाचे असून वातप्रकोप करते, हे आपण रुग्णांना नित्य सांगतो. चौथ्या दिवशी आम्हां सहाही जणांस त्याचा पडताळा आलेला होता.

सहकाऱ्यांच्या आग्रहावरून एका रात्री जहाजावर गेलो. धक्क्यावरून लहान बोटीने नेतात. प्रवेशाच्या रकमेतच भोजन, पेय व काही चकत्या अंतर्भूत असतात. आतील रचना मला वैद्यकीयदृष्ट्या विचार करण्याजोगी वाटली. बाहेरचे आकाश दिसत नाही, भिंतीवर घड्याळ दिसले नाही, प्रकाश सदैव एकसारखा, आणि पैसा पैशाच्या रूपात समोर नसतो, चकतीच्या रूपात असतो. चक्षू व श्रोत्र यांचा असात्म्य इंद्रियार्थसंयोग घडवून आणून काळाचे भान नाहीसे करावयाचे, असा हा योजनापूर्वक केलेला प्रयोग होय. आमच्यातील एक औषधविक्रेते मित्र, स्वभावाने काटकसरी, दुकानात उधारी रुपयारुपयाने लिहून ठेवणारे, ते पहाटेपर्यंत एका मेजावरून उठेनात. “डॉक्टरसाहेब, आता एकच डाव,” हे वाक्य त्यांनी किती वेळा उच्चारले, ते मी मोजले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी भोजनही घेतले नाही आणि परतीच्या प्रवासात कोणाशी फारसे बोललेही नाहीत.

त्यांना मी रेल्वेत कागदावर एक हिशेब करून दाखविला. तो आपल्या रुग्णांस समजाविण्यास उपयुक्त असल्याने येथे देतो. एक शून्य असलेल्या रूलेटच्या चक्रावर एकूण ३७ घरे असतात. प्रत्येक घरावर १०० रुपये लावले तर ३,७०० रुपये लागतात. जिंकणाऱ्या घरावर पस्तीसपट रक्कम व मूळचे १०० मिळून ३,६०० रुपये परत येतात. म्हणजे सर्व घरे आपलीच असतानाही १०० रुपये चालकाकडे राहतात. हा सुमारे २.७ टक्क्यांचा तोटा चक्राच्या रचनेतच आहे. त्यात नशीब, मुहूर्त वा कौशल्य यांचा संबंध नाही. जो जितका वेळ बसेल, तितके हे गणित त्याच्यावर अधिक निश्चितपणे लागू होते. म्हणूनच घड्याळ नको असते.

कायद्याचा इतिहासही थोडक्यात पाहण्यासारखा आहे. गोव्यातील सार्वजनिक जुगार कायदा १९७६ चा. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील जुगारास, तर १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील मेजाच्या खेळांस वाट मोकळी झाली. पुढे २०२० पासून खुद्द गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मनाई झाली. आपल्या महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोविषयी कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही व २०२३ साली रद्द करण्यात आला. जे स्थानिकांस वर्ज्य, ते पाहुण्यांस खुले, ही व्यवस्था वैद्याच्या बुद्धीला पटणारी नाही. असो.

पणजीत वैद्याने पाहावे असे काही नाही, असे मात्र नव्हे. जुन्या सचिवालयालगत आबे फारिया यांचा पुतळा आहे. कांदोळीस १७५६ साली जन्मलेल्या या गोमंतकीयाने संमोहनाची शक्ती संमोहन करणाऱ्याच्या हातात नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनात असते, असे पॅरिसमध्ये प्रतिपादिले. जहाजांकडे जाणारी गर्दी याच पुतळ्याच्या परिसरातून जाते! चर्चसमोरील नगरोद्यानास गार्सिया द ऑर्ता यांचे नाव आहे. भारतीय औषधी द्रव्यांवरील त्यांचा संवादरूप ग्रंथ गोव्यात १५६३ साली छापला गेला. आम्ही सहा जणांनी त्या उद्यानात काढलेला एक तास हाच काय तो सहलीतील समाधानाचा भाग.

आता मूळ विषयाकडे वळतो. आपण रोज ज्या बेहड्याचे चूर्ण त्रिफळ्यात मिसळतो, त्याचे एक नाव ‘अक्ष’ आहे, आणि अक्ष म्हणजे फासा. वैदिक काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याच्या विलापात या वृक्षाचा निर्देश आहे. महाभारताच्या वनपर्वात विदर्भकन्या दमयंतीचा पती नल द्यूतात राज्य हरतो. पुढे ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या वृक्षाची पाने व फळे मोजून दाखवितो, नलास अक्षविद्या देतो, आणि नलाच्या देहातून बाहेर पडलेला कली त्याच वृक्षात शिरतो. भावप्रकाशातील ‘कलिद्रुम’ या पर्यायामागे ही कथा आहे. आमच्या पांढरकवडा, झरी-जामणीच्या जंगलात बेहडा विपुल आहे. तो गोळा करून आणणाऱ्यांस ही कथा सांगितली की ते आनंदाने ऐकतात. विशेष हे की, नल सुटला तो गणना शिकल्यावर.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात सद्वृत्त सांगताना मद्य व द्यूत यांची रुची नसावी, असे एकाच श्वासात म्हटले आहे. आधुनिक वैद्यकाने अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत जुगाराची विकृती मद्यादी व्यसनांच्या पंक्तीस बसविली. आपल्या परिभाषेत हा धृतिभ्रंशाचा, म्हणजे प्रज्ञापराधाचा प्रांत. अहितकारक विषयाकडे धावणाऱ्या मनाचे नियमन करणे हे धृतीचे कार्य. तेच येथे ढळलेले असते.

आणि हा रुग्ण पाहण्यास पणजीस जाण्याचे कारण नाही. पोळ्याच्या दिवसांतील पत्ते, सीमेकडील कोंबडबाजार, वरली मटका यांना आपण सरावलो आहोत. मोबाईलवरील पैशाचे खेळ मात्र घरात, अंथरुणात शिरले. २०२५ साली संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तरी जडलेली सवय कायद्याने एका दिवसात जात नाही. अडतीस वर्षांचा एक कापूस उत्पादक तीन महिने अनिद्रा व अम्लपित्ताकरिता माझ्याकडे येत होता. ब्राह्मी, जटामांसी, शिरोभ्यंग, सर्व झाले; उपशय अल्प. एके दिवशी पत्नी सोबत आली व म्हणाली, “हे झोपतच नाहीत जी, रात्रभर मोबाईलवर पत्ते खेळतात. कापसाचे पैसे गेले, आता सावकाराचे घेतले.” निदानपरिवर्जन झाल्याखेरीज चिकित्सा कशी फलद्रूप होणार? सावकारी कर्जाचा अर्थ आपल्या जिल्ह्यात काय होतो, हे मी वाचकांस सांगावे असे नाही. या रुग्णाच्या बाबतीत पत्नीने बँकेचे व्यवहार स्वतःकडे घेतले, मी त्यास दर आठवड्यास बोलावीत राहिलो, जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठविले. झोप हळूहळू परतली.

चिकित्सेत सत्त्वावजयास प्राधान्य द्यावे, हे उघड आहे. अहितकर सवय पादांशिक क्रमाने सोडावी, असा सामान्य नियम असला तरी द्यूतास तो लावू नये, असे माझे मत आहे. लहान डाव आशा जिवंत ठेवतो आणि आशा हेच येथे विष आहे. आत्मघाताचा विचार आहे काय, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही. तसा संशय येताच रुग्णास एकटे सोडू नये, त्वरित तज्ज्ञांकडे पाठवावे. शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक दुकानाच्या दर्शनी भागी लावण्यास औषधविक्रेत्या बंधूंना काहीच खर्च नाही.

एक गोष्ट विशेषत्वाने लक्षात घ्यावी. कंपवातात आधुनिक वैद्यक देत असलेल्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण होते, हे सिद्ध झालेले आहे. आपल्या कपिकच्छूच्या, म्हणजे खाजकुयलीच्या बीजात लेवोडोपा हे द्रव्य असते. अशी औषधे चालू असलेला रुग्ण कवचबीज चूर्ण मागावयास आला, तर ते नुसते पुडीत बांधून देऊ नये. चालू औषधांची चिठ्ठी पाहावी, वैद्यास कळवावे, आणि अलीकडे घरात पैसे कमी पडू लागले आहेत काय, हे सोबत आलेल्या मुलास अथवा सुनेस बाजूला घेऊन विचारावे.