रानशेतचे पाय, लडाखची हवा

चैत्री पौर्णिमेच्या मध्यरात्री विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या डोंगरावर झेंडा चढतो. वाघाडीच्या सातवी घराण्याकडे त्याचा मान आहे. झेंडा जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून येतो आणि पुजारी तो घेऊन अंधारात निघतात. चारोटीकडून मुंबई-अहमदाबाद महामार्गाने जाताना हा डोंगर दिसतो. पायथ्याशी रान, वर उघडा खडक आणि माथ्याला उभा सुळका. दिवसा नुसतं खालून पाहिलं तरी मान दुखते, तिथे ही माणसं रात्री वर जातात आणि पहाटेच्या आत झेंडा लावून परत येतात. देवीच्या कथेत हा डोंगर रानशेतजवळचा म्हणूनच येतो. रानशेत, वाघाडी, आसवे या पट्ट्यातल्या वारली आणि कोकणा घरांतल्या मुलांना चढण म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. जनावरं, लाकूडफाटा आणि पाडे जोडणाऱ्या पायवाटा यांतच त्यांची छाती तयार होते.

अशी तयार माणसं हल्ली हिमालयात जाऊ लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. कुणी नोकरीतून रजा काढून मोटरसायकलवर लडाखला जातं, कुणी बचत गटाच्या सहलीतून केदारनाथला, तर कॉलेजची मुलं चार-पाच दिवसांच्या बर्फातल्या ट्रेकला. फिरायला गेलोच आहोत तर एखादी उंच जागाही पाहून घेऊ, असा बेत बहुतेकदा असतो. तो चांगलाच आहे. पण गड चढायची ताकद आणि उंचीची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली असली की दुसरी आपोआप येते असं आपल्याकडे अगदी जाणती माणसंही धरून चालतात. हा लेख त्यासाठी.

आपला जिल्हा समुद्राला लागून आहे. डहाणू तालुक्यातला गंभीरगड हा आपल्याकडचा मोठा डोंगर, तोही सव्वादोन हजार फुटांच्या आसपासचा. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटरवर थांबतं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 82 टक्के असतो. ही घट शरीर सहज निभावून नेतं, फार तर धाप थोडी लवकर लागते. लेह शहर मात्र 3,500 मीटरच्या आसपास आहे. तिथे दाब 65 टक्क्यांवर येतो. खारदुंग ला खिंडीत, म्हणजे 5,359 मीटरवर, तो जेमतेम निम्मा उरतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे तेच, 21 टक्के. पण हवाच विरळ असल्यामुळे एका श्वासात छातीत जाणारा ऑक्सिजन कमी पडतो. लेहमध्ये पाणी 88 अंशांच्या आसपास उकळतं. आपल्या पद्धतीने उघड्या पातेल्यात भात लावला तर तो कितीतरी वेळ कच्चाच राहतो. म्हणून तिथल्या घराघरांत कुकर लागतो.

शरीर यावर उपाय करतं, पण त्याला त्याचा वेळ लागतो. आधी श्वास वाढतो आणि नाडी जलद होते. जास्त श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि रक्त अल्कधर्मी होऊ लागतं. मग मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकून तोल सावरतात. या सावरण्याला दोन ते चार दिवस जातात. तोवर झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होतो आणि माणूस दचकून उठतो. पहिल्यांदा गेलेल्याला याची फार भीती वाटते, पण हे बहुतेकांना होतं. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. आठ दिवसांच्या सहलीत ते घडत नाही. म्हणजे थोड्या दिवसांच्या प्रवाशाच्या हातात एकच गोष्ट उरते, मधल्या उंचीवर काढलेली रात्र.

भारताने हा धडा फार जबर किंमत देऊन शिकला आहे. 1962 च्या युद्धात सपाटीवरच्या जवानांना घाईने, काहींना तर थेट विमानाने, हिमालयातल्या ठाण्यांवर नेण्यात आलं. तरुण, धडधाकट, कसलेली माणसं, पण त्यांच्यातले अनेक गोळी न लागताच आजारी पडले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 1,925 जवानांच्या आजाराचा अभ्यास केला. 1969 साली तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या उंचीविषयक वैद्यकाचा तो एक पाया ठरला. आज आपलं लष्कर जवानांना 9,000 ते 12,000 फुटांवर सहा दिवस, मग 15,000 फुटांपर्यंत चार दिवस आणि त्याच्या वर आणखी चार दिवस असं टप्प्याटप्प्याने चढवतं. पंचविशीतल्या जवानाला पहिल्या टप्प्यात सहा दिवस लागतात. आपण मात्र पाच दिवसांच्या सहलीत लेह, नुब्रा आणि पँगाँग बसवतो.

उंचीचा त्रास सहसा पोहोचताक्षणी होत नाही, फसगत होते ती इथेच. विमानातून लेहला उतरलेला माणूस पहिले काही तास मजेत फिरतो, फोटो काढतो, बाजार करतो. सहा ते बारा तासांनी डोकं जड होतं, मळमळतं, जेवण जात नाही, अंग गळून जातं. एवढ्यावर थांबलं तर विश्रांतीने दोन दिवसांत बरं वाटतं. हे अंगावर काढून माणूस आणखी वर गेला की मग दोन घातक आजार उभे राहतात. एकात फुप्फुसात पाणी भरतं. ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या दरम्यान होतं. बसल्या जागी धाप, खोकला, नंतर गुलबट फेस. दुसऱ्यात मेंदूला सूज येते. माणूस बरळतो, त्याचा तोल जातो, तो झोपाळतो. दोन्हींवर पहिला उपाय म्हणजे ताबडतोब खाली उतरणं. ऑक्सिजन आणि औषधं त्याच्या जोडीला. सकाळपर्यंत पाहू, असं म्हणत काढलेली रात्र जिवावर बेतू शकते.

एका हिमालयन मुक्कामात पाहिलेला प्रसंग सांगतो. आमच्या गटात आपल्याच भागातला एक मुलगा होता. अंगाने काटक आणि चालण्यात सगळ्यांच्या पुढे. संध्याकाळी तो तंबूत गप्प बसून राहिला. विचारलं तर म्हणाला, “काही नाही दादा, ऊन लागलं.” बरोबरच्या वाटाड्याने त्याला बाहेर घेतलं, काठीने जमिनीवर रेघ ओढली आणि त्या रेघेवरून टाचेला पंजा लावत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला मुलगा बाजूला कलला. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. वाटाड्याने वाद घातला नाही, कुणाला विचारलं नाही. दोन माणसं आणि बॅटऱ्या बरोबर देऊन त्याला लगेच खालच्या मुक्कामाला धाडलं. पहाटेपर्यंत त्याचं डोकं दुखायचं थांबलं होतं आणि त्याने पोटभर खाल्लं. ही रेघेची परीक्षा डॉक्टरही वापरतात. तिला यंत्र लागत नाही आणि ती कुणालाही घेता येते. करोनाच्या काळात घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर बरोबर असलं तर असू द्यावं. पण 3,500 मीटरवर 85 ते 90 हा आकडा नेहमीचाच असतो. त्याने घाबरू नये, आणि आकडा चांगला आहे म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्षही करू नये.

आमच्या पट्ट्यापुरती आणखी एक गोष्ट आहे. सहलींच्या माहितीपत्रकात ती मला कधी दिसली नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. आदिवासी समाजात सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, म्हणजे तपासणीच्या कागदावर ‘एसएस’ लिहिलेलं आहे, त्याने उंचीवर जायचं धाडस करू नये. प्रश्न येतो तो ‘एएस’ असलेल्यांचा, म्हणजे वाहकांचा. एरवी ते पूर्ण निरोगी असतात. शेतात राबतात, खेळतात, बहुतेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसतं. पण उंचीवर, विशेषतः जोराचे श्रम झाले तर, काही वाहकांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा तुटल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. डाव्या बरगड्यांखाली अचानक जोराची कळ येते. बरोबरचे लोक त्याला पित्त किंवा वायू समजतात आणि मोलाचा वेळ जातो.

वाहकांनी हिमालय पाहूच नये असं मुळीच नाही. माहीत असलं की पुरे. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि आदिवासी भागातल्या 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट ठेवलं. आधी सोल्युबिलिटी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की चाचणी. ही तपासणी सरकारी आरोग्ययंत्रणेतून होते. तिकीट काढण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. आपण वाहक आहोत हे ज्याला कळलंय, त्याने डॉक्टरांशी बोलून जागा निवडावी, चढ सावकाश चढावा, पाणी पीत राहावं आणि ती कळ कशी असते ते सोबत्यांना सांगून ठेवावं.

जागा निवडताना शिखराच्या उंचीपेक्षा झोपायची उंची पाहावी. मनालीहून (2,050 मीटर) रोहतांगला (3,978 मीटर) गेलेला माणूस दोन-तीन तास बर्फात खेळून संध्याकाळी खाली येतो, म्हणून बहुतेकांना फारसं काही होत नाही. गुलमर्गच्या रोपवेचा दुसरा टप्पा अफरवटवर चार हजार मीटरच्या जवळ नेतो, तिथेही तेच. चोपत्याहून तुंगनाथ (3,680 मीटर) आणि वर चंद्रशिला ही एका दिवसाची चढाई आहे. मुक्काम चोपत्याला 2,700 मीटरच्या आसपास होतो. आपल्याकडच्या चालणाऱ्या माणसाला पहिल्या खेपेला यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही. केदारकंठा 3,810 मीटरचं आहे आणि डिसेंबरात बर्फ असतं. पण सांक्रीपासून (सुमारे 1,950 मीटर) जुडा का तालाबपर्यंत एक रात्र मधल्या उंचीवर मिळते, म्हणून तेही नवख्याला झेपतं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी थांबावं, हा जगभर मानलेला नियम आहे.

लडाखला रस्त्याने जायचं तर श्रीनगरची वाट धरावी. श्रीनगर 1,585 मीटरवर, सोनमर्ग 2,740 वर, झोजीला ओलांडून रात्र कारगिलला 2,676 मीटरवर, आणि मग फोटू ला (4,108 मीटर) पार करून लेह. खिंडी उंच आहेत, पण झोप खाली मिळते. मनालीच्या वाटेवर सरचूचा मुक्काम 4,290 मीटरवर येतो, आणि तो बहुतेकांना दुसऱ्याच रात्री येतो. ती रात्र डोकं धरून काढलेली माणसं मी पाहिली आहेत. मोटरसायकलवाल्या पोरांना ही वाट फार आवडते. त्यांनी निदान सरचूच्या आधी जिस्पाला एक दिवस जास्त काढावा.

डायमॉक्सबद्दल नेहमी विचारणा होते. ॲसेटाझोलामाइड हे त्याचं औषधी नाव. मूत्रपिंडांना बायकार्बोनेट बाहेर टाकायला ते मदत करतं, म्हणजे शरीर जे स्वतःच करत असतं ते जरा लवकर घडतं. थेट विमानाने लेहला जाणाऱ्यांना डॉक्टर ते आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते चालेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते, हा त्याचा नेहमीचा परिणाम. पहिल्या दोन रात्री दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, कारण दोन्हींनी श्वास मंदावतो.

आपल्या मुलांचे पाय किती वर जाऊ शकतात, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम हे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, आश्रमशाळांचे विद्यार्थी पुन्हा एव्हरेस्टवर गेले. कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण त्या मुलांच्या मागे भोंगीरच्या खडकावरचा सराव होता, दार्जिलिंगचं प्रशिक्षण होतं, लडाखच्या थंडीतले दिवस होते, आणि मुख्य शिबिरावर पोहोचल्यावरही आठवडे घालवले होते. वर्तमानपत्रात छापून येतो तो माथ्यावरचा झेंडा. मागचे महिने क्वचितच येतात. आश्रमशाळेत शिकणाऱ्या ज्या मुलाला हे पुढे न्यायचं असेल, त्याच्यासाठी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (1965) आणि दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था (1954) पायाभूत अभ्यासक्रम घेतात. सुमारे चार आठवड्यांचा हा अभ्यासक्रम एकट्याने खर्च करून केलेल्या चार ट्रेकपेक्षा जास्त शिकवतो.

घरच्या डोंगरांचा सराव वाया जात नाही. खोडकोन्याहून अशेरीगड, गंभीरगड आणि महालक्ष्मीचा डोंगर यांवर पाठीवर आठ-दहा किलोंची पिशवी घेऊन, न धावता, बोलता येईल अशा वेगाने चढायची सवय लावावी. गड जिंकायच्या ईर्ष्येने पळत सुटणाऱ्यालाच हिमालयात आधी त्रास होतो, कारण त्याला मंद चालणं जमत नाही.

या दिवाळीत बेत आखणाऱ्यांसाठी हिशेब सोपा आहे. ऑक्टोबरअखेर झोजीलाकडे थंडी आणि बर्फ सुरू होतो, म्हणून लडाख जून ते सप्टेंबरसाठी ठेवावं. वांद्र्याहून कटऱ्यापर्यंत थेट गाडी आहे, आणि जून 2025 पासून कटऱ्याहून श्रीनगरलाही रेल्वे जाते. गाडीने गेलात तर एक-दोन दिवस जास्त लागतात, ते शरीराच्या कामी येतात. सुट्टी आठच दिवसांची असेल तर लेह सोडून चोपत्याला जावं. जून ते सप्टेंबरमध्ये दहा-बारा दिवस मिळणार असतील तर श्रीनगर, कारगिल आणि लेह असा रस्ता धरावा, लेहमध्ये पहिले 48 तास कुठेही वर जाऊ नये, आणि परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवावा, म्हणजे कुणाला त्रास झाला तर उरलेल्यांना बेत मोडल्याचं वाईट वाटणार नाही.