सहा सेकंदांची करवत

गॅस पेटवून चहाचे आधण चढवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात २० इंच जाडीच्या पाइनच्या ओंडक्याच्या तीन सबंध चकत्या कापून पडतात, असे कोणी सांगितले असते तर मी त्याला थापाड्या म्हटले असते. पण हा प्रकार मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आणि पाहिला त्याहून अधिक, ऐकला!

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हेवर्ड नावाचे लहानसे गाव आहे. तेथे दर उन्हाळ्यात लाकूडतोड्यांचे जागतिक सामने भरतात. मिनियापोलिसला लेकीकडे गेलो असता जावईबापूंनी मोटारीने तेथे नेले. निघताना त्यांची सूचना एकच होती. “अण्णा, कानांत कापसाचे बोळे घाला बरं का!”

सामन्यांची जागाही पाहण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे लाकडाचा प्रचंड धंदा चाले. रानात तोडलेले ओंडके गिरणीत जाईपर्यंत तळ्याच्या एका कोपऱ्यात तरंगत पडलेले असत. पुढे जुनी राने संपली, तसा धंदाही आटला. १९६० साली टोनी वाइज या गृहस्थांनी त्याच पाण्याकाठी हे सामने सुरू केले. पोटापाण्याचे कष्ट संपले आणि त्यांची जत्रा झाली! तरंगत्या ओंडक्यावर नाचत प्रतिस्पर्ध्याला पाण्यात पाडणे, उंच खांबावर सरसर चढणे, कुऱ्हाडीचे घाव, हे सारे तेथे असते. त्यात गंमत पुष्कळ; पण मी ज्याच्यासाठी बाकावर जागा धरून बसलो होतो तो प्रकार निराळाच. त्याला म्हणतात ‘हॉट सॉ’.

साखळीची करवत आता आपल्याकडेही दिसते. वादळात रस्त्यावर झाड पडले की अग्निशामक दलाचे जवान तीच घेऊन येतात. तिच्या लांबट पात्याभोवती दातेरी साखळी गरगर फिरते. या दात्यांचीही एक मजेदार कथा आहे. ऑरेगॉनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ साली एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. तिचे जबडे डावी-उजवीकडे चालून लाकूड कसे सहज कुरतडतात, हे तो निरखीत बसला आणि त्या जबड्यांवरून त्याने साखळीचा नवा दात घडविला. आजच्या साखळ्या त्याच वंशातल्या.

नेहमीची मोठी करवत सहा-सात किलोंची असते. हॉट सॉ मात्र २५ ते ३० किलोंची! तिला इंजिन बसवितात ते बर्फावरच्या गाडीचे, नाही तर पाण्यावर धावणाऱ्या स्कूटरचे. ताकद ६०-७० अश्वशक्तीपर्यंत जाते, म्हणजे आपल्याकडच्या लहान मोटारीएवढी. साखळीचा वेग ताशी २४० किलोमीटरपर्यंत. पेट्रोलऐवजी पुष्कळ जण मिथेनॉल वापरतात. धूर बाहेर सोडणारी फुगीर नळी इंजिनाच्या मापाने घडवावी लागते, आणि साखळीचा एकेक दात कानशीने घासून त्याला धार लावावी लागते. हिवाळ्याच्या रात्रीच्या रात्री त्यात जातात. आणि इतके करून ही करवत रानात एक दिवसही उपयोगाची नाही; तेवढा वेळ ती हातात धरणार कोण?

खरी कसोटी मात्र कापण्याच्या आधीच लागते. करवत आगाऊ तापवून घेण्याची मुभा असते, पण मग ती बंद करून जमिनीवर ठेवायची. दोन्ही हात ओंडक्यावर. इशारा झाला की वाकायचे, दोरी ओढायची आणि इंजिन पेटले की कापायचे: एक चकती वरून खाली, दुसरी खालून वर, तिसरी पुन्हा वरून खाली. खाली जाताना साखळीच पात्याला लाकडात ओढते. वर येताना तीच साखळी सारे यंत्र माणसाच्या अंगावर ढकलते, आणि वजन उचलायचे ते वेगळेच. कापलेली चकती अखंड हवी. एखादी अर्धवट निघाली की डाव बाद. १९८५ पासून चालत आलेल्या ‘टिंबरस्पोर्ट्स’च्या सामन्यांत तर तिन्ही चकत्या सहा इंचांच्या पट्ट्यातच बसवाव्या लागतात. जाड चकतीला जागा पुरत नाही. फार पातळ कापायला जावे तर ती तुटते.

पहिल्या गड्याने दोरी ओढली आणि बोळे असूनही माझ्या दाढा हलल्या. भुसा फवाऱ्यासारखा उडाला, चकत्या धपाधप पडल्या आणि सारे शांत. मी चष्मा सावरीपर्यंत टाळ्या सुरूही झाल्या होत्या.

नंतर एक पन्नाशीचे गृहस्थ आले. बरोबर त्यांचा तरुण मुलगा, हातात कानशी आणि फडके. इशारा झाला. गृहस्थांनी दोरी ओढली. इंजिन नुसते खोकले. दुसरी ओढ, तिसरी, काही नाही. स्कूटरचा प्लग ओला झाला की आपण ती तिरकी करून किकवर किक मारीत असू, त्या वेळचा तो चडफडाट आठवला. पण आपल्याला फार तर कचेरीला उशीर होई. येथे वर्षाची मेहनत सेकंदासेकंदाने वाहून चालली होती. चौथ्या ओढीला करवत गरजली, पहिली चकती पडली, दुसरी पडली, आणि तिसरीच्या मध्यावर इंजिन पुन्हा गप्प. लोकांनी टाळ्या वाजविल्या, त्या मात्र मनापासून. गृहस्थांनी टोपी किंचित उचलली. मुलाने करवतीचे एक टोक धरले, त्यांनी दुसरे.

“एवढ्यासाठी एवढे!” मी म्हणालो. जावईबापू हसले. “अण्णा, क्रिकेटमध्ये पहिल्याच चेंडूवर बाद होणाऱ्याला असं म्हणता का?” यावर मी गप्प बसलो, कारण मी तसेच म्हणत असतो.

सामने आटोपल्यावर गाडीकडे निघालो. मुले खालच्या चकत्या वेचीत होती. ताज्या पाइनचा वास सगळीकडे भरून राहिला होता. मोटारींच्या रांगेत एका उघड्या मागच्या फळीवर तीच करवत ठेवलेली, बाप-लेक तिच्यावर ओणवे झालेले. मुलाने प्लग पुसून बसविला. बापाने दोरी ओढली.

पहिल्याच ओढीला ती सुरू झाली. आसपासची माणसे दचकून वळली, आणि ते दोघे एकमेकांकडे बघून खो खो हसत सुटले.