एक मिनिट, एक घड्याळ : बालरुग्णाचे मूल्यमापन आणि परिचारिकेचा निर्णय

कुंडम हा जबलपूर जिल्ह्यातील गोंड आदिवासींची मोठी वस्ती असलेला तालुका होय. अशा भागातील आरोग्य उपकेंद्रात खोकला व ताप असलेले सहा महिन्यांचे मूल येते, तेव्हा तेथील सहायक परिचारिका प्रसाविकेच्या हाताशी क्ष-किरण यंत्र नसते आणि बालरोगतज्ज्ञही नसतो. तरीही मुलाला घरी पाठवावे, प्रतिजैविक सुरू करावे की जबलपूरच्या मोठ्या रुग्णालयात धाडावे, हे तिला काही मिनिटांत ठरवावे लागते. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० मध्ये अर्भक मृत्युदर देशात दरहजारी २८, महाराष्ट्रात १६, तर मध्य प्रदेशात ४३ होता. या पार्श्वभूमीवर तिच्या निर्णयाचे मोल लक्षात येते.

हा निर्णय केवळ अनुभवावर सोडलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९९०च्या दशकात आखलेली आणि भारताने नवजात अर्भकांचा समावेश करून स्वीकारलेली 'नवजात व बालपणातील आजारांचे एकात्मिक व्यवस्थापन' ही कार्यपद्धती त्याचा आधार आहे. दोन महिन्यांवरील मुलाबाबत प्रथम चार धोक्याची चिन्हे पाहिली जातात : काहीही पिता न येणे, प्यायलेले सर्व उलटून पडणे, झटके येणे आणि सुस्ती वा बेशुद्धी. यांपैकी एक जरी आढळले, तरी मूल तातडीने रुग्णालयात पाठवावयाचे असते. त्यानंतर श्वास मोजावयाचे. दोन महिन्यांखालील अर्भकात मिनिटाला ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० वा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. न्यूमोनियात फुप्फुस ताठर होते, दीर्घ श्वास घेणे कठीण होते आणि मूल उथळ पण भरभर श्वास घेऊ लागते, हे त्यामागील कारण.

मोजणी सोपी वाटते. प्रत्यक्षात चूक येथेच होते. मूल रडत असेल वा दूध पीत असेल तर आकडा फसवा ठरतो. अर्भकाचा श्वास अनियमित असतो, म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणले की लहानशी चूकही चौपट होते. पूर्ण मिनिटच मोजले पाहिजे आणि दोन महिन्यांखालील बाळात आकडा ६० वा अधिक आल्यास पुन्हा एकदा. बाहेर रांग असताना हे एक मिनिट वाचविण्याचा मोह होतो, हे मान्य करावयास हवे. आईचे शब्दही ऐकावेत : हिंदी मुलखातील आई 'पसली चल रही है' म्हणते, तेव्हा ती बहुधा छातीचा खालचा भाग आत ओढला जाण्याचे लक्षणच सांगत असते.

इतक्या साध्या चिन्हांवर विसंबता येते काय, याचे उत्तर गडचिरोलीने दिले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तेथील ५८ गावांत आरोग्यसेवक व पारंपरिक दायांना न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमोक्साझोल देण्यास शिकविले. ४४ गावे तुलनेसाठी होती. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार झालेल्या मुलांपैकी ०.८ टक्के दगावली. तुलनेच्या गावांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. अनेक दायांना शंभरपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी मणी व वाळूचे घड्याळ असलेले साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. अंकज्ञानाचा अडसर असा दूर झाला. पुढे नवजातांच्या जंतुसंसर्गासाठी याच गटाने क्षीण रडणे, दूध ओढणे कमी होणे, हातपाय लुळे पडणे अशी सात चिन्हे निश्चित केली. त्यांपैकी कोणतीही दोन एकत्र दिसताच उपचार वा संदर्भसेवा द्यावयाची.

अशा निकषांची किंमतही असते. जाळे जितके बारीक, तितकी निरोगी मुलेही त्यात अडकतात. साध्या विषाणूजन्य सर्दीला प्रतिजैविक दिले जाते, अथवा मजुरी बुडवून कुटुंब शहर गाठते. उलट निकष कडक केले तर खरा रुग्ण सुटतो आणि त्याची भरपाई होत नाही. म्हणूनच निकष मुद्दाम सैल ठेवले आहेत, ते योग्यच आहे. मात्र अनावश्यक रवानगी कमी करण्याचेही प्रयत्न झाले. दोन महिने ते पाच वर्षांच्या मुलाची छाती आत ओढली जात असली तरी धोक्याचे चिन्ह नसेल, तर तोंडावाटे अमॉक्सिसिलिन देऊन घरीच उपचार करता येतील, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये सुधारित मार्गदर्शनात म्हटले. दोन महिन्यांखालील बाळाला ही सवलत नाही. रक्तातील ऑक्सिजन मोजणारे पल्स ऑक्सिमीटर आता स्वस्त झाल्याने डोळ्यांना न दिसणारी कमतरताही कळू शकते.

घरी उपचार घेणाऱ्या मुलाला दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासणे हा निर्णयाचाच भाग होय. त्या वेळी श्वास पुन्हा मोजले जातात. आकडा उतरला, ताप कमी झाला आणि मूल नीट पिऊ लागले, तर तेच औषध पूर्ण करावयाचे. श्वास तितकेच जलद राहिले, तर औषध बदलावयाचे वा रुग्णालय गाठावयाचे. त्याआधीच मुलाने पिणे सोडले तर दिवस न मोजता परत यावे, हे आईला तिच्याच बोलीत सांगून तिच्याकडून वदवून घ्यावयाचे असते.