मागल्या आसनाचा विमा

वाराणसीतील ज्या गल्लीत मोटार शिरत नाही, तेथे मोटारसायकल सहज जाते. ब्रह्मघाट, दुर्गाघाट या भागांत पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे असोत वा काशीयात्रेस आलेले पाहुणे असोत. पुढे मुलगा आणि मागे आई, हे दृश्य तेथे नित्याचे आहे. दुर्दैवाने वाहन घसरले, तर मागे बसलेल्या माउलीला विमा मिळेल काय?

‘विमा उतरविला आहे’ एवढ्यावर पुष्कळजण निश्चिंत असतात. वस्तुतः 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा त्रयस्थासाठी आहे. आपल्या वाहनामुळे इतरांस पोहोचलेल्या इजेची भरपाई त्यातून होते. चूक दुसऱ्या वाहनाची असेल, तर त्याच्या विमा कंपनीकडून मुलगा व आई दोघांनाही भरपाई मागता येते. परंतु आपलेच वाहन घसरले, तर केवळ सक्तीच्या विम्यात मागे बसलेल्याचे संरक्षण नसते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा निर्णय आहे. सर्वसमावेशक विमापत्रात मात्र ते मिळते. मालकचालकासाठी 15 लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा निराळा असतो. तो मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास उपयोगी पडतो. साध्या अस्थिभंगाच्या उपचारखर्चासाठी नव्हे.

उपचारासाठी दुसरी सोय झाली आहे. मे 2025 पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. धडक देणारे वाहन पळून गेले व त्याचा शोध लागला नाही, तरी गंभीर जखमीस 50 हजार आणि मृताच्या वारसांस 2 लाख रुपये देण्याची तरतूद आहे.

म्हणून अपघातानंतर पोलिसांत नोंद अवश्य करावी, रुग्णालयाचे कागद जपावेत, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. जखमी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडेही दावा दाखल करता येतो. त्यामुळे काशीत जखमी झालेल्या पुणेकरास त्यासाठी पुन्हा काशी गाठावी लागत नाही.

विम्याचे नूतनीकरण करताना घरातील सर्वांनी एकत्र बसून विमापत्र वाचावे. मागच्या आसनाचा उल्लेख त्यात नसेल, तर थोडा अधिक हप्ता भरून तो करून घ्यावा. आणि शिरस्त्राण दोघांनीही घालावे. कारण भरपाईने कर्ज फिटते, गेलेले माणूस परत येत नाही.