विश्लेषण : नौका सारखीच, मग शर्यत जिंकते कोण?

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये नेहा ठाकूरने ‘आयएलसीए ४’ प्रकारात रौप्य, तर विष्णू सरवणनने ‘आयएलसीए ७’मध्ये कांस्यपदक मिळवले. विष्णू मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये घडलेला खेळाडू. दोघांचे प्रकार वेगळे, पण नौका एकच. फरक होता तो शिडाचा.

नौका नेमकी कशी?

कॅनडाचे ब्रूस कर्बी यांनी १९६९ मध्ये फोनवर बोलता बोलता तिचे रेखाटन केले. मोटारीच्या टपावर नेता येईल अशी छोटी नौका हवी होती. तीच पुढे ‘लेझर’ म्हणून जगभर गेली. लांबी सव्वाचार मीटरच्या आत, नुसत्या सांगाड्याचे वजन साधारण ५९ किलो, शीड एक आणि खलाशीही एकच. आजवर अशा दोन लाखांहून अधिक नौका तयार झाल्या. बांधणी आणि ट्रेडमार्कच्या वादातून २०१९ मध्ये तिचे ‘आयएलसीए’ असे नामकरण झाले.

‘वन डिझाइन’ म्हणजे काय?

सर्व नौका एकाच आराखड्याच्या. नियमात लिहिलेले नाही, ते बदलायचे नाही. ऑलिम्पिकमध्ये तर नौका आयोजकच पुरवतात. पैसा ओतून वेगवान नौका बांधून घेण्याची वाटच बंद.

मग वेग येतो कुठून?

मुख्यतः शरीरातून. वारा शिडाला ढकलतो तशी नौका कलते. कललेली नौका पाणी कापत नाही, घसरते. तिला सपाट ठेवण्यासाठी खलाशी पट्ट्यात पाय अडकवून कमरेपासून बाहेर झुकतो. मांड्या आणि पोट जाळणारी ही कसरत तासभर चालते. म्हणूनच वजन निर्णायक ठरते. सात चौरस मीटरच्या मोठ्या शिडासाठी सुमारे ८० किलोचा खलाशी योग्य मानतात. हलका खलाशी जोरदार वाऱ्यात हतबल होतो. त्यावर तोडगा म्हणून त्याच सांगाड्यावर लहान शिडे आली. ‘आयएलसीए ६’चे शीड पावणेसहा चौरस मीटरच्या आसपास, ‘४’चे ४.७. नेत्रा कुमननने टोक्यो आणि पॅरिस ऑलिम्पिक गाठले ते ‘६’मध्ये. समानतेचा हा खरा अर्थ: शीड माणसाच्या मापाचे.

दुसरी गंमत डोलकाठीची. ती दोन तुकड्यांची, आधाराच्या तारांशिवाय उभी. दोर ताणले की ती वाकते, शीड चपटे होते आणि जोराच्या वाऱ्यातला जादा दाब निघून जातो. तारा नसल्याने वारा पाठीमागून असताना बूम नव्वद अंशांपलीकडेही सोडता येतो. मग वारा शिडाच्या मागच्या कडेकडून पुढे वाहतो आणि लाटांवर वेग मिळतो. ब्राझीलच्या रॉबर्ट शाइट यांनी १९९६ आणि २००४ मध्ये याच नौकेवर ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले.

समानता पूर्ण आहे का?

नाही. फायबरग्लासचा सांगाडा वापराने मऊ पडतो. जुनी नौका घेऊन सराव करणारा मुलगा नव्या, कडक नौकेसमोर थोडा मागेच राहतो.