जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमधील ऑब्जेक्टची निर्मिती व प्रारंभीकरण : ‘प्रोटोटाइप’ फ्रेमवर्कच्या विशेष संदर्भात

गोषवारा

जावास्क्रिप्ट या भाषेत 2015 पर्यंत ‘क्लास’ ही स्वतंत्र रचना उपलब्ध नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी 2005 नंतर निर्माण झालेल्या अनेक फ्रेमवर्कनी स्वतःच्या क्लास-पद्धती विकसित केल्या. ‘प्रोटोटाइप’ हे त्यांपैकी एक प्रभावी फ्रेमवर्क होय. या फ्रेमवर्कमध्ये ऑब्जेक्ट कसा निर्माण होतो, त्याला प्रारंभिक मूल्ये कशी मिळतात, वारसाक्रमात पालक क्लासचे प्रारंभीकरण कसे घडते आणि या प्रक्रियेत कोणत्या चुका संभवतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्याचबरोबर भाषेत नंतर समाविष्ट झालेल्या क्लास-रचनेशी तुलना करून अध्यापनाच्या दृष्टीने काही निष्कर्ष मांडले आहेत.

बीजसंज्ञा : जावास्क्रिप्ट, फ्रेमवर्क, ऑब्जेक्ट, आदिरूप, कन्स्ट्रक्टर, प्रारंभीकरण, वारसा.

प्रस्तावना

1995 मध्ये नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टची निर्मिती केली. या भाषेचे बाह्य रूप जावासारखे असले, तरी तिची ऑब्जेक्टविषयक मूळ कल्पना ‘सेल्फ’ या भाषेतून आलेली आहे. जावामध्ये आधी क्लासची व्याख्या करावी लागते व त्या व्याख्येनुसार ऑब्जेक्ट तयार होतात. जावास्क्रिप्टमध्ये मात्र एक ऑब्जेक्ट दुसऱ्या ऑब्जेक्टच्या आधारावर उभा राहतो. ज्या ऑब्जेक्टचा आधार घेतला जातो, त्याला प्रस्तुत लेखात ‘आदिरूप’ असे म्हटले आहे. इंग्रजीत या आधारभूत ऑब्जेक्टला आणि प्रस्तुत फ्रेमवर्कला एकच नाव असल्याने हा भेद सुरुवातीसच स्पष्ट करणे आवश्यक ठरते.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला बहुधा आधी सी++ किंवा जावा आणि नंतर जावास्क्रिप्ट शिकविली जाते. त्यामुळे क्लासविषयीची जुनी समजूत घेऊन तो या भाषेकडे येतो. शब्द तेच, परंतु त्यांमागील यंत्रणा निराळी, अशी ही स्थिती आहे. तिच्यातून उद्भवणाऱ्या चुका अनेकदा कोणताही त्रुटी-संदेश न देता घडतात. म्हणूनच त्यांचे मूळ समजून घेणे महत्त्वाचे आहे.

उद्दिष्टे

1) जावास्क्रिप्टमधील ऑब्जेक्ट-निर्मितीची मूळ प्रक्रिया स्पष्ट करणे.
2) ‘प्रोटोटाइप’ फ्रेमवर्कमधील क्लास-पद्धतीचे स्वरूप समजून घेणे.
3) सामायिक गुणधर्म व वारसा यांतून उद्भवणाऱ्या चुकांची कारणमीमांसा करणे.
4) भाषेतील आजच्या क्लास-रचनेशी तुलना करणे.

विषय विवेचन

1) ‘न्यू’ या क्रियाचिन्हाचे कार्य

जावास्क्रिप्टमध्ये सामान्य फंक्शनही कन्स्ट्रक्टर म्हणून वापरता येते. फंक्शनच्या नावाआधी ‘न्यू’ लिहिल्यास चार गोष्टी क्रमाने घडतात. प्रथम एक नवा रिकामा ऑब्जेक्ट तयार होतो. नंतर त्या फंक्शनशी जोडलेले आदिरूप या ऑब्जेक्टचा आधार म्हणून नेमले जाते. त्यानंतर फंक्शन चालविले जाते व त्याच्या आत ‘धिस’ या शब्दाने नव्या ऑब्जेक्टचा निर्देश होतो. शेवटी, फंक्शनने स्वतःहून दुसरा ऑब्जेक्ट परत केला नसेल, तर हाच नवा ऑब्जेक्ट परत मिळतो.

यातील पहिल्या दोन पायऱ्या निर्मितीच्या आहेत आणि तिसरी प्रारंभीकरणाची आहे. ऑब्जेक्ट अस्तित्वात येणे व तो वापरण्यायोग्य अवस्थेत येणे या दोन भिन्न घटना आहेत. पुढील सर्व विवेचन या भेदावरच आधारलेले आहे.

येथे ‘न्यू’ लिहिण्यास विसरल्यास फंक्शन सामान्य रीतीने चालते. जुन्या, शिथिल नियमांच्या पद्धतीत अशा वेळी ‘धिस’ हा शब्द ब्राउझरच्या जागतिक ऑब्जेक्टकडे निर्देश करतो आणि विद्यार्थ्याचे नाव किंवा गुण नव्या ऑब्जेक्टऐवजी तेथे नोंदले जातात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाचव्या आवृत्तीतील कडक पद्धतीत ‘धिस’ अपरिभाषित राहतो, त्यामुळे ही चूक तत्काळ उघड होते.

2) ‘प्रोटोटाइप’ फ्रेमवर्कमधील क्लास-पद्धती

सॅम स्टीफन्सन यांनी 2005 मध्ये ‘रुबी ऑन रेल्स’ला ब्राउझरच्या बाजूने साहाय्य मिळावे या हेतूने हे फ्रेमवर्क निर्माण केले. त्यातील ‘क्लास.क्रिएट’ ही सोय आरंभी अत्यंत लहान होती. ती केवळ एक फंक्शन परत करीत असे. ते फंक्शन ‘न्यू’सह चालविले की ऑब्जेक्टच्या ‘इनिशियलाइझ’ या मेथडला बोलावून मिळालेली सर्व मूल्ये जशीच्या तशी तिच्याकडे सोपवीत असे. ‘इनिशियलाइझ’ हे नाव रुबी भाषेतही याच कार्यासाठी वापरले जाते.

या छोट्या योजनेचे महत्त्व असे की, तिने निर्मिती व प्रारंभीकरण यांची स्पष्ट फारकत केली. बाहेरील फंक्शन सर्व क्लाससाठी सारखेच राहिले. प्रत्येक क्लासचे वेगळेपण ‘इनिशियलाइझ’ मेथडमध्ये आले आणि ही मेथड इतर मेथडप्रमाणेच आदिरूपावर असल्यामुळे तिचाही वारसा मिळू लागला.

3) सामायिक गुणधर्माचा प्रश्न

आदिरूपाच्या बाबतीत एक नियम कळीचा आहे : गुणधर्म वाचताना शोध आदिरूपापर्यंत जातो, परंतु गुणधर्माला नवे मूल्य देताना ते सामान्यतः स्वतःच्या ऑब्जेक्टवर लिहिले जाते. वाचन व लेखन यांतील ही विषमता लक्षात न घेतल्यास गंभीर चूक होते.

उदाहरणार्थ, ‘विद्यार्थी’ नावाचा क्लास तयार केला आणि क्लासच्या मुख्य भागातच ‘हजेरी’ या गुणधर्माला शून्य व ‘विषय’ या गुणधर्माला रिकामा अ‍ॅरे दिला, असे मानू. हे दोन्ही गुणधर्म आदिरूपावर राहतात. पहिल्या विद्यार्थ्याची हजेरी एकने वाढविली असता शून्य हे मूल्य आदिरूपावरून वाचले जाते आणि एक हे नवे मूल्य त्या विद्यार्थ्याच्या ऑब्जेक्टवर लिहिले जाते. दुसऱ्या विद्यार्थ्याची हजेरी शून्यच राहते. येथपर्यंत सर्व अपेक्षेप्रमाणे घडते.

आता पहिल्या विद्यार्थ्याच्या ‘विषय’ अ‍ॅरेमध्ये ‘मराठी’ हा विषय जोडला. या कृतीत ‘विषय’ या गुणधर्माला नवे मूल्य दिलेले नाही. आदिरूपावरील अ‍ॅरे शोधून त्याच अ‍ॅरेमध्ये बदल केलेला आहे. परिणामी दुसऱ्या विद्यार्थ्याची यादी पाहिली असता तिच्यातही ‘मराठी’ आढळते, कारण दोघांची यादी वस्तुतः एकच आहे. एकाच विद्यार्थ्यावर कार्यक्रमाची चाचणी घेतल्यास ही चूक दिसत नाही. प्रत्यक्ष वापरात अनेक ऑब्जेक्ट एकत्र आल्यावरच एकाची माहिती दुसऱ्याच्या नोंदीत जाते.

जावामध्ये क्लासच्या भागात लिहिलेले असे प्रारंभिक मूल्य प्रत्येक ऑब्जेक्टसाठी नव्याने काढले जाते. ‘प्रोटोटाइप’मध्ये ते क्लासच्या व्याख्येच्या वेळी एकदाच निर्माण होते. दिसण्यातील सारखेपणामुळेच जावा शिकलेला विद्यार्थी येथे फसतो. यावरील उपाय सोपा आहे. बदलणारे अ‍ॅरे व ऑब्जेक्ट ‘इनिशियलाइझ’ मेथडमध्ये निर्माण करावेत. मेथड व न बदलणारी मूल्ये आदिरूपावर ठेवावीत.

वालेरियो प्रोइएट्टी यांनी 2006 मध्ये सुरू केलेल्या ‘मूटूल्स’ या फ्रेमवर्कच्या पुढील आवृत्त्यांनी याच प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. तेथे नवा ऑब्जेक्ट तयार होताना क्लासमधील अ‍ॅरेची स्वतंत्र प्रत काढली जाते. त्यामुळे चूक टळते, मात्र प्रत्येक निर्मितीच्या वेळी प्रती काढण्याचा भार पडतो. एका फ्रेमवर्कने जबाबदारी प्रोग्रामरवर ठेवली, तर दुसऱ्याने ती स्वतःकडे घेतली, असे म्हणता येईल.

4) वारसा व पालक क्लासचे प्रारंभीकरण

‘प्रोटोटाइप’च्या आरंभीच्या आवृत्त्यांत वारशासाठी पालक क्लासचा एक ऑब्जेक्ट ‘न्यू’ने तयार करून तो अपत्य क्लासचे आदिरूप म्हणून वापरला जाई. यात तात्त्विक दोष होता. अपत्य क्लासची केवळ व्याख्या करतानाच पालकाचे प्रारंभीकरण, तेही कोणतीही मूल्ये न देता, घडून येई.

2007 मधील 1.6 या आवृत्तीत ‘क्लास.क्रिएट’ची पुनर्रचना झाली. पालक क्लासचे आदिरूप एका मधल्या रिकाम्या फंक्शनला देऊन त्या फंक्शनपासून ऑब्जेक्ट घडविला जाऊ लागला. त्यामुळे आदिरूपांची साखळी जुळते, पण पालकाची ‘इनिशियलाइझ’ मेथड अकारण चालत नाही. हेच काम 2009 च्या पाचव्या आवृत्तीतील ‘ऑब्जेक्ट.क्रिएट’ या सोयीने भाषेच्या पातळीवर साध्य केले.

याच आवृत्तीत पालकाच्या मेथडला बोलावण्याची सोय आली. अपत्याच्या मेथडचा पहिला घटक डॉलरचिन्हासह ‘सुपर’ या नावाचा असेल, तर फ्रेमवर्क त्या जागी पालकाची त्याच नावाची मेथड पुरविते. यासाठी फ्रेमवर्क फंक्शनचा मजकूर वाचून घटकांची नावे तपासते. ही युक्ती कल्पक असली तरी नाजूक आहे. फाइलचा आकार कमी करणाऱ्या साधनाने घटकाचे नाव बदलल्यास ती निष्फळ ठरते.

अपत्य क्लासमध्ये ‘इनिशियलाइझ’ लिहिलीच नाही, तर पालकाची मेथड वारशाने लागू होते. ती लिहिली आणि पालकाच्या मेथडला बोलावले नाही, तर पालकाचे प्रारंभीकरण होतच नाही आणि त्याबद्दल कोणताही त्रुटी-संदेश मिळत नाही. ऑब्जेक्ट तयार होतो, परंतु अपुरा राहतो. अशा ऑब्जेक्टमधील दोष निर्मितीच्या जागी प्रकट न होता कार्यक्रमाच्या दूरच्या भागात प्रकट होतो, म्हणून तो शोधणे कठीण जाते.

5) भाषेतील क्लास-रचना

जून 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहाव्या आवृत्तीने ‘क्लास’ ही रचना भाषेतच आणली. तिच्या तळाशी आदिरूपांची तीच साखळी आहे, परंतु नियम अधिक कडक आहेत. क्लासला ‘न्यू’शिवाय बोलावल्यास त्रुटी उत्पन्न होते. अपत्य क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ‘सुपर’ बोलावण्यापूर्वी ‘धिस’ वापरल्यासही त्रुटी येते. अर्थात, पालकाचे प्रारंभीकरण विसरणे ही पूर्वीची मूक चूक आता बोलकी झाली आहे.

2022 च्या आवृत्तीत क्लासमध्ये थेट गुणधर्म लिहिण्याची सोय मानकात समाविष्ट झाली. अशा गुणधर्माचे प्रारंभिक मूल्य प्रत्येक ऑब्जेक्टसाठी नव्याने काढले जाते. त्यामुळे ‘विषय’ या अ‍ॅरेचा वर मांडलेला प्रश्न येथे उद्भवत नाही. तथापि क्रमाविषयी दक्षता घ्यावी लागते. अपत्याचे हे गुणधर्म ‘सुपर’ पूर्ण झाल्यानंतरच अस्तित्वात येतात. पालकाच्या कन्स्ट्रक्टरने अपत्यात नव्याने लिहिलेली एखादी मेथड बोलावली, तर त्या मेथडला हे गुणधर्म अद्याप अपरिभाषित आढळतात.

‘प्रोटोटाइप’ची 1.7.3 ही आवृत्ती 2015 मध्ये, म्हणजे क्लास-रचना भाषेत आली त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. नव्या कामासाठी आज हे फ्रेमवर्क क्वचितच निवडले जाते. परंतु त्याने पुढे आणलेले प्रश्न भाषेला स्वतः सोडवावे लागले, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.

निष्कर्ष

1) ऑब्जेक्टची निर्मिती व प्रारंभीकरण या दोन भिन्न पायऱ्या असून अध्यापनात त्या स्वतंत्रपणे शिकविणे हितावह आहे.
2) आदिरूपावरील वाचन व लेखन यांतील विषमता समजल्याशिवाय सामायिक अ‍ॅरेची चूक समजत नाही. ही चूक प्रात्यक्षिकात दाखविताना किमान दोन ऑब्जेक्ट घेणे आवश्यक आहे.
3) मेथड आदिरूपावर आणि बदलणारी स्थिती प्रत्येक ऑब्जेक्टवर, हा विभागणीचा नियम फ्रेमवर्क कोणतेही असले तरी उपयुक्त ठरतो.
4) वारसाक्रमात पालकाचे प्रारंभीकरण आपोआप होते की ते सांगावे लागते, याची पडताळणी प्रत्येक भाषेत व फ्रेमवर्कमध्ये स्वतंत्रपणे करावी लागते.
5) आजच्या क्लास-रचनेने अनेक चुकांना प्रतिबंध केला असला, तरी तिचा पाया आदिरूपच आहे. केवळ क्लासची वाक्यरचना शिकविल्यास विद्यार्थी कार्यक्रम लिहू शकेल, परंतु त्यातील दोषाचे कारण सांगू शकणार नाही. हे कारण सांगता येणे हेच संगणकशास्त्राच्या अध्यापनाचे उद्दिष्ट असल्याने आदिरूपाची संकल्पना अभ्यासक्रमात टिकवून ठेवणे आवश्यक आहे.